भूल उतरते, वायू उरतो : शस्त्रक्रियागृहातील वाया जाणाऱ्या भूलवायूंचा प्रश्न

शस्त्रक्रिया पार पडते, रुग्ण डोळे उघडतो आणि बाहेर ताटकळत बसलेल्या नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. शस्त्रक्रियेच्या काळात रुग्णाला वेदनेची जाणीव होऊ न देणाऱ्या वायूचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुत: या प्रश्नाचा संबंध शस्त्रक्रियागृहात रोज काम करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका आणि सहाय्यकांच्या आरोग्याशी आहे, तसाच तो पृथ्वीच्या वातावरणाशीही आहे.

मध्य प्रदेशातील जबलपूर शहराचे उदाहरण घेऊ. महाकोशल भागाचे हे प्रमुख वैद्यकीय केंद्र. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५५ साली सुरू झाले आणि आज ते नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. मंडला, डिंडोरी, नरसिंहपूर, सिवनी, कटनी अशा अनेक जिल्ह्यांतील रुग्ण उपचारांसाठी या शहरात येतात. शासकीय रुग्णालये, लष्करी रुग्णालय आणि खासगी शुश्रूषागृहे मिळून येथे दररोज कितीतरी शस्त्रक्रिया होतात. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जात असल्याने शस्त्रक्रियागृहांची दारे-खिडक्या बंद ठेवून वातानुकूलन यंत्रे चालवावी लागतात. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर अथवा बेळगाव येथील स्थितीही यापेक्षा फारशी वेगळी नाही. अशा बंद खोलीत सुटलेला भूलवायू कोठे जातो, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

श्वासातून आला, श्वासातून गेला

संपूर्ण भूल देण्यासाठी आज मुख्यत: दोन प्रकारची द्रव्ये श्वासावाटे दिली जातात. पहिला प्रकार नायट्रस ऑक्साइड या वायूचा. 'लाफिंग गॅस' या नावानेही तो परिचित आहे आणि निळ्या रंगाच्या सिलिंडरमधून येतो. दुसऱ्या प्रकारात आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन आणि डेसफ्लुरेन ही द्रव्ये मोडतात. ती बाटलीत द्रवरूपात असतात आणि भूलयंत्रावरील व्हेपोरायझरमध्ये त्यांची वाफ होऊन ती ऑक्सिजनबरोबर रुग्णाच्या फुप्फुसांत जाते.

गोळी किंवा इंजेक्शनवाटे घेतलेल्या बहुतेक औषधांचे शरीरात विघटन होते. भूलवायूंचे तसे नाही. ते रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचतात, आपले काम करतात आणि जवळजवळ जसेच्या तसे उच्छ्वासावाटे बाहेर पडतात. जुन्या हॅलोथेनचा सुमारे वीस टक्के भाग शरीरात विघटित होत असे. सेव्होफ्लुरेनच्या बाबतीत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास, आयसोफ्लुरेनच्या बाबतीत ०.२ टक्के आणि डेसफ्लुरेनच्या बाबतीत अवघे ०.०२ टक्के आहे. नायट्रस ऑक्साइड तर जवळपास पूर्णत: अविकृत स्वरूपात बाहेर येतो. याचा सरळ अर्थ असा, की रुग्णालयाने विकत घेतलेला भूलवायू थोड्याच वेळात खोलीतील हवेत किंवा इमारतीबाहेर जातो.

खोलीतील हवा कोण घेतो?

भारतात ईथरच्या साहाय्याने भूल देण्यास १८४७ साली कलकत्ता येथे प्रारंभ झाला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे सुटलेल्या वायूचा गांभीर्याने विचार झाला नाही. १९६७ साली सोव्हिएत संघातील वैसमन या संशोधकाने भूल देणाऱ्या डॉक्टरांची एक पाहणी प्रसिद्ध केली. त्या पाहणीतील ३१ गर्भधारणांपैकी १८ गर्भधारणांची परिणती गर्भपातात झाल्याचे आढळले. पाहणी लहान होती. रात्रपाळी, कामाचा ताण अशी अन्य कारणेही त्यामागे असू शकतात, असा आक्षेप पुढे घेण्यात आला आणि तो रास्तही होता. तथापि, जगभरात या विषयाच्या अभ्यासाला त्यातूनच चालना मिळाली.

या अभ्यासांपैकी १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास विशेष उल्लेखनीय आहे. दंतवैद्यकांच्या दवाखान्यांत नायट्रस ऑक्साइडच्या सान्निध्यात काम करणाऱ्या महिला सहाय्यकांची त्यात पाहणी करण्यात आली. वायू बाहेर नेण्याची सोय नसलेल्या ठिकाणी आठवड्यातून पाच तास किंवा अधिक काळ काम करणाऱ्या महिलांना गर्भधारणा होण्याची शक्यता इतर महिलांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी असल्याचे दिसून आले. जेथे वायू शोषून बाहेर नेला जात होता, तेथील महिलांमध्ये असा परिणाम आढळला नाही. साधी यंत्रणाही किती मोठा फरक घडवू शकते, हे यावरून ध्यानात येते.

नायट्रस ऑक्साइडच्या दुष्परिणामाचे एक कारण शास्त्रज्ञांना ज्ञात आहे. हा वायू शरीरातील बी-१२ जीवनसत्त्वाच्या रेणूतील कोबाल्टवर परिणाम करून ते जीवनसत्त्व निष्क्रिय करतो. पेशींची वाढ आणि मज्जातंतूंचे आरोग्य या दोहोंसाठी बी-१२ अत्यावश्यक असते. आहारात आधीच त्याची कमतरता असलेल्या व्यक्तींनी तर अधिकच सावध राहणे इष्ट.

अमेरिकेतील 'नायॉश' या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९७७ साली यासंबंधी मर्यादा सुचवल्या. कामाच्या काळात हवेच्या दहा लाख भागांत नायट्रस ऑक्साइडचे सरासरी प्रमाण २५ भागांहून अधिक नसावे आणि हॅलोथेनसारख्या वाफांचे प्रमाण दोन भागांच्या वर जाऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. हे प्रमाण इतके सूक्ष्म आहे, की नाकाला त्याची जाणीवही होत नाही. हॅलोथेनचा वास येऊ लागतो तेव्हा त्याचे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट वाढलेले असते. त्यामुळे 'वास येत नाही, म्हणजे हवा शुद्ध आहे' हा समज चुकीचा ठरतो.

आणखी एक बाब लहान शुश्रूषागृहांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. घरात वापरला जाणारा स्प्लिट ए.सी. खोलीतीलच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. तो बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. 'एनएबीएच' या रुग्णालय-मान्यता मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शस्त्रक्रियागृहातील हवा तासाला किमान वीस वेळा बदलली जावी आणि त्यांपैकी किमान चार वेळा बाहेरील ताजी हवा आत यावी, अशी अपेक्षा आहे. केवळ स्प्लिट ए.सी.वर चालणाऱ्या खोलीत ही अपेक्षा पूर्ण होऊ शकत नाही.

वायू बाहेर नेणारी यंत्रणा

वाया जाणारा भूलवायू गोळा करून सुरक्षितपणे बाहेर नेण्याच्या व्यवस्थेला 'स्कॅव्हेंजिंग' असे म्हणतात. तिची रचना समजण्यास कठीण नाही. भूलयंत्रातील जादा वायू जेथून बाहेर पडतो, त्या झडपेवर आणि व्हेंटिलेटरच्या निकासमुखावर एक बंदिस्त जोडणी बसवली जाते. तेथून नळीवाटे वायू एका संग्राहकात येतो आणि संग्राहकातून पुढे इमारतीबाहेर नेला जातो.

यांतील संग्राहकाचे काम सर्वांत नाजूक असते. पुढची नळी दबली अथवा तुंबली, तर साचलेल्या वायूचा दाब उलटा रुग्णाच्या फुप्फुसांवर येऊ शकतो. याउलट, शोषण अधिक झाले तर रुग्णाला मिळणारा वायूच ओढून घेतला जाण्याचा धोका असतो. हे दोन्ही प्रसंग टाळण्यासाठी संग्राहकाला सुरक्षा-झडपा किंवा मोकळी छिद्रे ठेवलेली असतात. ती चिकटपट्टीने बुजवणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ होय.

वायू बाहेर नेण्याच्या दोन पद्धती आहेत. पंख्याच्या किंवा पंपाच्या साहाय्याने तो ओढून नेणे ही सक्रिय पद्धत, तर रुंद नळी भिंतीतून बाहेर काढून वायूला आपोआप जाऊ देणे ही निष्क्रिय पद्धत. दुसरी पद्धत स्वस्त आहे, परंतु वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून असते. कोणतीही पद्धत असली, तरी नळीचे बाहेरील तोंड खिडकीजवळ, वर्दळीच्या जागी किंवा वातानुकूलन यंत्रणेच्या हवा आत घेणाऱ्या जाळीजवळ असता कामा नये. अन्यथा एका दाराने घालवलेला वायू दुसऱ्या दाराने परत येतो.

जेथे अशी नळी बसवणे शक्य नसते, तेथे सक्रिय कोळशाने भरलेले डबे वापरता येतात. हा कोळसा आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन यांसारख्या वाफा धरून ठेवतो. डबा किती भरला, हे त्याच्या वाढलेल्या वजनावरून कळते. मात्र नायट्रस ऑक्साइड या कोळशाला दाद देत नाही, आणि भरलेला डबा तापवल्यास धरून ठेवलेली वाफ पुन्हा बाहेर पडते.

शस्त्रक्रिया आटोपल्यावर रुग्णाला ज्या कक्षात हलवले जाते, तेथेही तो बराच वेळ भूलवायू उच्छ्वासावाटे सोडत असतो. तेथील परिचारिकांसाठी कोणतीही नळी नसते. मोकळी खेळती हवा हेच त्यांचे संरक्षण. पशुवैद्यकीय शस्त्रक्रियागृहांनाही हे सर्व नियम लागू पडतात. जबलपूर येथे १९४८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २००९ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय विद्यापीठ मूळचे मराठवाड्यातील असलेल्या नानाजी देशमुख यांच्या नावे आहे. प्राण्याच्या तोंडावर मास्क घट्ट बसवणे अवघड असते. त्यामुळे प्राण्यांना भूल देताना गळती होण्याची शक्यता अधिक.

आकाशाचा हिशेब

स्कॅव्हेंजिंगमुळे शस्त्रक्रियागृहातील माणसे सुरक्षित होतात. परंतु वायू नष्ट होत नाही. तो फक्त खोलीतून आकाशात जातो, आणि तेथे दुसरा प्रश्न उभा राहतो.

हे सर्व वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतात. शंभर वर्षांच्या कालावधीचा विचार केल्यास सेव्होफ्लुरेनची तापमानवाढीची क्षमता तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १३० ते २०० पट, आयसोफ्लुरेनची सुमारे ५०० पट, तर डेसफ्लुरेनची अडीच हजार पटींहून अधिक आहे. नायट्रस ऑक्साइडची क्षमता सुमारे २७३ पट असली, तरी तो वापरला जातो मोठ्या प्रमाणावर आणि वातावरणात शंभराहून अधिक वर्षे टिकतो. शिवाय तो ओझोनच्या थराचीही हानी करतो. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ ए. आर. रविशंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिले, की मानवी व्यवहारांतून बाहेर पडणाऱ्या वायूंपैकी ओझोनला सर्वाधिक हानी पोहोचवणारा वायू आता नायट्रस ऑक्साइड हाच आहे. अर्थात, त्यातील मोठा वाटा शेतीतील नत्रखतांचा आहे, रुग्णालयांचा नव्हे.

एक छोटा हिशेब करून पाहू. पूर्वापार पद्धतीने मिनिटाला चार लिटर नायट्रस ऑक्साइड आणि दोन लिटर ऑक्सिजन सोडला, तर तासाभरात २४० लिटर, म्हणजे सुमारे ४४० ग्रॅम नायट्रस ऑक्साइड खर्च होतो. त्याचा वातावरणावरील परिणाम सुमारे १२० किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, हे लक्षात घेता हा परिणाम ५२ लिटर पेट्रोलच्या बरोबरीचा आहे. लिटरमागे पंधरा किलोमीटर धावणारी मोटार तेवढ्या इंधनात जबलपूरहून नागपूरला जाऊन परत येईल आणि आणखी एकदा नागपूरच्या वाटेला लागेल. त्याच प्रवाहाबरोबर एक टक्का आयसोफ्लुरेन दिल्यास त्याचा परिणाम सुमारे १४ किलोंचा, म्हणजे पुष्कळच कमी असतो.

जगातील एकूण उष्णतावर्धक वायूंमध्ये भूलवायूंचा वाटा एक टक्क्याहूनही कितीतरी कमी आहे. रुग्णाने भूल घेताना मनात अपराधीपणाची भावना बाळगण्याचे यत्किंचितही कारण नाही. मुद्दा आहे तो रुग्णाच्या उपयोगी न पडताच वाया जाणाऱ्या वायूचा.

यंत्रातच होणारा पुनर्वापर

पुनर्वापर म्हटला, की मोठा कारखाना डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात पुनर्वापराचे सर्वांत जुने आणि स्वस्त साधन भूलयंत्रातच असते. त्यास 'सर्कल' पद्धत म्हणतात. रुग्णाचा उच्छ्वास सोडा लाइम या चुनायुक्त पदार्थाच्या डब्यातून नेला जातो. सोडा लाइम त्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि उरलेला भूलवायू व ऑक्सिजन पुन्हा रुग्णाकडे जातो. ही कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच प्रत्यक्षात आली होती.

या पद्धतीचा लाभ घ्यायचा, तर ताज्या वायूचा प्रवाह कमी ठेवावा लागतो. प्रवाह मिनिटाला सहा लिटर ठेवल्यास वर्तुळात फिरणारा बहुतेक वायू जादा होऊन बाहेर फेकला जातो. भूलतज्ज्ञांमध्ये प्रचलित असलेल्या एका ढोबळ सूत्रानुसार, लिटरमधील प्रवाह, वाफेची टक्केवारी आणि तीन यांचा गुणाकार केला, की तासाला लागणाऱ्या द्रवाचे मिलिलिटर मिळतात. दोन टक्के सेव्होफ्लुरेन सहा लिटर प्रवाहाने दिल्यास तासाला ३६ मिलिलिटर द्रव लागतो, तर एक लिटर प्रवाहाने केवळ सहा मिलिलिटर. २५० मिलिलिटरची बाटली पहिल्या पद्धतीने सात तासांत संपेल आणि दुसऱ्या पद्धतीने चाळीस तासांहून अधिक काळ पुरेल. रुग्णाला मिळणारी भूल मात्र तीच राहते.

अर्थात, यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात. प्रारंभीची काही मिनिटे प्रवाह अधिक ठेवावा लागतो. प्रवाह कमी केल्यावर रुग्णाला मिळणाऱ्या ऑक्सिजनचे आणि भूलवायूचे प्रमाण मोजणारी उपकरणे सतत चालू असणे अनिवार्य आहे. सोडा लाइमचा रंग बदलताच ते बदलावे लागते. ही उपकरणे नसलेल्या ठिकाणी केवळ बचतीसाठी प्रवाह कमी करणे धोक्याचे ठरेल.

पकडून ठेवण्याचे तंत्र

पुढची पायरी आहे ती यंत्रातून बाहेर पडणारी वाफ पकडून पुन्हा औषध म्हणून वापरण्याची. कॅनडातील ब्ल्यू-झोन या कंपनीने 'डेल्टासॉर्ब' नावाचा डबा तयार केला. जर्मनीत 'कॉन्ट्राफ्लुरान' ही कोळशाच्या गाळणीवर आधारलेली पद्धत वापरात आली, तर ब्रिटनमध्ये सेजटेक या कंपनीने याच दिशेने काम केले. तत्त्व सर्वांचे एकच. निकासमार्गावर शोषक पदार्थाचा डबा बसवायचा, तो भरला की प्रक्रिया केंद्राकडे पाठवायचा, तेथे उष्णतेने वाफ मोकळी करायची, तिचा द्रव करायचा आणि ऊर्ध्वपातनाने निरनिराळी द्रव्ये वेगळी करायची. डेसफ्लुरेन सुमारे २३ अंशांवर, आयसोफ्लुरेन सुमारे ४८ अंशांवर आणि सेव्होफ्लुरेन सुमारे ५८ अंश सेल्सिअसवर उकळत असल्याने हे पृथक्करण शक्य होते.

कल्पना आकर्षक असली, तरी तिच्या मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. जर्मनीत प्रत्यक्ष शस्त्रक्रियांच्या वेळी झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वापरलेल्या डेसफ्लुरेनपैकी सुमारे २५ टक्केच परत मिळाल्याचे आढळले. उरलेल्यापैकी काही भाग रुग्णाच्या शरीरात राहून नंतर दुसऱ्या कक्षात बाहेर पडतो, तर काही गळतीत जातो. शिवाय परत मिळवलेले द्रव्य दुसऱ्या रुग्णाला द्यायचे, तर त्याची शुद्धता नव्या औषधाइतकीच सिद्ध करावी लागते. डबे वाहून नेण्याचा खर्च वेगळाच. नायट्रस ऑक्साइडच्या बाबतीत तर पकडून ठेवण्याऐवजी उष्णता आणि उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्याचे नायट्रोजन व ऑक्सिजनमध्ये विघटन करणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. स्वीडनमधील प्रसूतिगृहांत अशी यंत्रे बसवण्यात आली आहेत.

या मर्यादांमुळे अनेक देशांनी वापर कमी करण्यावरच भर दिला. स्कॉटलंडने मार्च २०२३ मध्ये डेसफ्लुरेनचा वापर थांबवला आणि युरोपीय संघात १ जानेवारी २०२६ पासून अपरिहार्य वैद्यकीय गरज वगळता त्यास मनाई आहे. ब्रिटनमधील काही रुग्णालयांच्या तपासणीत एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. विकत घेतलेल्या नायट्रस ऑक्साइडचा बहुतांश भाग रुग्णापर्यंत पोहोचतच नव्हता. मध्यवर्ती नळजोडणीतून तो मधल्या मध्ये गळून जात होता. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ साली अशा मध्यवर्ती नळजोडण्या बंद करून गरजेपुरते छोटे सिलिंडर वापरण्याचा सल्ला दिला.

आपल्या रुग्णालयांनी काय करावे?

जबलपूरसारख्या शहरातील रुग्णालयाने सर्वप्रथम महागडे पुनर्प्रक्रिया यंत्र घेण्याची आवश्यकता नाही. कामांचा क्रम योग्य असणे अधिक महत्त्वाचे आहे. पहिली पायरी गळती शोधण्याची. वर्षाकाठी किती नायट्रस ऑक्साइड विकत घेतला आणि रुग्णांना प्रत्यक्षात किती दिला, याचा ताळेबंद मांडला तरी पुष्कळ उलगडा होतो. जोडण्या सैल नाहीत ना, मास्क नीट बसतो ना, शस्त्रक्रिया संपताच फ्लोमीटर बंद होतो ना, हे पाहण्यास पैसे लागत नाहीत. दुसरी पायरी चालू स्थितीतील स्कॅव्हेंजिंग आणि ताज्या हवेची सोय. कर्मचाऱ्यांचे, विशेषत: गर्भवती महिला कर्मचाऱ्यांचे आरोग्य त्यावर अवलंबून आहे. तिसरी पायरी योग्य उपकरणांसह कमी प्रवाहाची पद्धत अवलंबण्याची आणि जेथे शक्य तेथे नायट्रस ऑक्साइडऐवजी ऑक्सिजनमिश्रित हवा वापरण्याची. सिझेरियनसारख्या शस्त्रक्रियांत पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन भूल देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहेच. तीत भूलवायूची गरजच उरत नाही. वायू पकडून पुन्हा वापरण्याचे तंत्र या सर्वांनंतर येते, आणि ते एकट्या रुग्णालयापेक्षा शहरातील अनेक रुग्णालयांनी मिळून राबवल्यास परवडण्याची शक्यता अधिक.

कोणती भूल द्यावी, याचा निर्णय सर्वस्वी भूलतज्ज्ञाचा असतो आणि त्यात रुग्णाच्या सुरक्षिततेलाच अग्रक्रम असला पाहिजे. मात्र त्या निर्णयानंतर किती वायू सोडायचा आणि उरलेला कोठे जाऊ द्यायचा, याची जबाबदारी रुग्णालयाच्या व्यवस्थापनावरही येते. रुग्ण शस्त्रक्रियागृहात एक-दोन तास असतो. तेथील परिचारिका आणि सहाय्यक वर्षानुवर्षे तीच हवा श्वासात घेत असतात. फ्लोमीटरची कळ थोडी कमी फिरवणे आणि निकासनळी जागेवर आहे की नाही हे रोज सकाळी पाहणे, एवढ्याने त्यांचे संरक्षण होते, रुग्णालयाचा पैसा वाचतो आणि वातावरणावरील भारही हलका होतो.